नाव घातलेले दाढीचे मग

न्यू जर्सीतल्या जुन्या बाजारात माझी नजर आधी दाढीचे मग, म्हणजे दाढीच्या साबणाचा फेस करायचे कानवाले कप, शोधते. आपण भांड्यांवर नावं घालतो ना, तसंच हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर साधारण 1920 पर्यंत, न्हाव्याच्या फळीवर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा मग असायचा. कोरे मग बहुतेक फ्रान्समधल्या लिमोझहून नाहीतर जर्मनीहून येत. नाव आणि चित्र इथे रंगवून भट्टीत भाजलं जाई.

मला सगळ्यात आवडतात ते गिऱ्हाइकाच्या धंद्याचं चित्र असलेले. माझ्याकडच्या एकावर दूधवाल्याची गाडी आहे. घोड्याचा लगाम एका केसाच्या जाडीचा, चाकाचा आरा न् आरा वेगळा. कानाजवळची सोनेरी कड मात्र पार झिजलीय. किती सकाळी कुणाची बोटं तिथे लागली असतील!

1903 मध्ये जिलेटचा सेफ्टी रेझर बाजारात आला, पहिल्या महायुद्धात तो सैनिकांना मिळाला, आणि माणसं घरीच दाढी करू लागली. न्हाव्याच्या फळीवरचे मग असे मागे पडले.

घ्यायचा असेल तर चित्र उजेडात तिरकं धरून बघा. जुन्या कोऱ्या मगावर नवं चित्र काढून विकणारेही आहेत. भांडं जुनं आणि रंग मात्र कोराकरकरीत दिसला, तर मी सरळ पुढे जाते.