पायांचा सीटी अँजिओ: माझा अनुभव

चालताना पोटऱ्या भरून यायच्या, थांबलं की उतरायच्या. डॉपलरनंतर (रक्ताचा प्रवाह पाहणारी सोनोग्राफी) डॉक्टरांनी दोन्ही पायांचा सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, लिहून दिला. हाड मोडलंय का एवढंच पाहायचं असेल तर साधा सीटी पुरतो, त्याला डाय, म्हणजे चित्रात वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, लागत नाही. रक्तवाहिनी कुठे बुजलीय हे पाहायला मात्र आयोडिनयुक्त डाय शिरेतून द्यावा लागतो, आणि जवळजवळ सगळी तयारी त्या डायसाठीच असते.

पहिला कागद क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा. अलीकडचा रिपोर्ट नसेल तर परत पाठवतात. त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, काढतात. तो 30 च्या खाली असेल तर डाय द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. अशांची मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) थांबवून 48 तासांनी किडनी तपासून मगच पुन्हा सुरू करतात. किडनी चांगली असली तरी काही सेंटरं ती सरसकट बंद करायला सांगतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. उपाशी किती तास आणि पाणी चालतं का, हे फोनवरच विचारून घ्या. इन्सुलिनवाल्यांनी सकाळची पहिली वेळ मागावी. इन्सुलिन टोचून उपाशी ताटकळलं तर साखर उतरते.

कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी म्हणजे डायची अ‍ॅलर्जी नव्हे. पूर्वी डायनेच पुरळ उठलं असेल किंवा दम लागला असेल, तर ते आधी सांगा.

सुई बहुधा कोपराच्या खोबणीत, 18 किंवा 20 नंबरची. इंजेक्टर सेकंदाला चारेक मिलिलिटर वेगाने जवळपास 100 मिलिलिटर डाय ढकलतो, बारीक सुई तिथे टिकत नाही. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी मुद्दाम जोडलेली शीर) असलेला हात द्यायचा नाही. आधी सलाईन सोडून पाहतात. तेव्हा दुखलं किंवा फुगलं तर लगेच बोला. डाय शिरेबाहेर गेला की हात सुजतो आणि तपासणीही वाया जाते.

पायात रॉड-प्लेट असली तरी सीटी होतो, फक्त तिच्या आसपासचं चित्र रेघाळतं. पण करदोरा, पैंजण, जोडवी काढावीच लागतात. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी सुजलेल्या बोटात रुतून बसतात. ती आदल्या दिवशीच साबणाच्या पाण्याने सोडवा.

पाय मशीनकडे, हात डोक्यावर, पावलं पट्ट्याने बांधलेली. डाय शिरला की घसा आणि ओटीपोट गरम होतं, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. नेमका तेव्हाच माणूस दचकून गुडघा हलवतो आणि चित्र पुसट येतं.

खरी गोम गुडघ्याखाली. बुजलेल्या पायात रक्त हळू उतरतं. स्कॅन करताना सरकणारं टेबल डायच्या पुढे धावलं तर पोटरीच्या चांगल्या वाहिन्याही बंद असल्यासारख्या दिसतात. अशा वेळी गुडघ्यापासून खाली लागलीच दुसरा फेरा घेतात. त्यामुळे कोणता पाय जास्त दुखतो, जखम कुठे आहे हे टेक्निशियनला आधी सांगणं फार कामाचं. मधुमेहात वाहिन्यांना कॅल्शियम धरलेलं असतं, ते पांढरंफटक चमकून अरुंदपणा आहे त्याहून जास्त दाखवतं. म्हणून रिपोर्टमध्ये पोटरीखाली ‘बंद’ लिहिलेलं वाचून लगेच हबकू नये, सर्जनला चित्रं दाखवावीत.

नंतर साधारण अर्धा तास बसवून ठेवतात. अंगावर खाज किंवा पुरळ दुसऱ्या दिवशीही येऊ शकतं. निघताना फिल्मबरोबर डायकॉमची (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं असलेली) सीडी मागून घ्या आणि ती उघडते का, हे काउंटरवरच पाहा. सर्जन आडवे-उभे छेद त्यातच फिरवून बघतात.