नाव १९ व्या ऑफसेटला

आज गेटडेंट्स६४ (getdents64) या डिरेक्टरीतल्या नोंदी देणाऱ्या लिनक्स कर्नलच्या कॉलबद्दल लिहून ठेवतोय, कारण हा कॉल नीट कळला की रीडडिर या सी लायब्ररीतल्या फंक्शनच्या आत काय चालतं ते उघड होतं.

लिनक्सवर डिरेक्टरीच्या डिस्क्रिप्टरवर (ओपन केल्यावर कर्नल देतो तो क्रमांक) साधा रीड केला तर ईआयएसडीआयआर ('ही डिरेक्टरी आहे') हा एरर मिळतो. ओ_डिरेक्टरी फ्लॅग लावून ओपन करायचं, ३२ केबीचा बफर द्यायचा आणि गेटडेंट्स६४ला हाक मारायची. कर्नल नोंदी एकीला एक चिकटून भरतो: ८ बाइट आयनोड क्रमांक (फाइलची ओळख), ८ बाइट डी_ऑफ (पुढच्या नोंदीची खूण), २ बाइट डी_रेकलेन (या नोंदीची लांबी), १ बाइट डी_टाइप (फाइलचा प्रकार), मग नाव आणि शेवटी शून्य बाइट. म्हणजे नाव सुरू होतं १९ व्या ऑफसेटला (नोंदीच्या सुरुवातीपासून १९ बाइट सोडून). पण या नोंदीच्या सी स्ट्रक्टचं साइझऑफ (कंपायलर सांगतो तो आकार) भरतं २४, कारण अलाइनमेंटसाठी मागे पॅडिंग (भरतीचे बाइट) लागतं. पॉइंटर साइझऑफने पुढे नेला की लांब नावाच्या मध्यावर जाऊन पडतो आणि नावाचीच अक्षरं आयनोड म्हणून वाचली जातात. पुढे सरकायचं ते फक्त डी_रेकलेननेच.

'रोजनिशी' नावाची फाइल घ्या. सात कोडपॉइंट (अक्षर आणि मात्रा वेगवेगळे मोजून), यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २१. त्यात १९ आणि शून्याचा १ मिळवला की ४१. आठच्या पटीत वर नेलं की ४८, हाच डी_रेकलेन. (नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीत ८५ कोडपॉइंटांतच ती संपते, मात्रा-वेलांट्या धरून.)

कॉल परत देतो ते भरलेले बाइट, नोंदींची संख्या नव्हे. शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा बोलवायचं. एकदाच बोलावणारा कोड चाचणीच्या छोट्या फोल्डरात बिनबोभाट चालतो आणि हजारो फाइली आल्या की निम्म्या गाळतो. असा बग मला सर्वांत घातक वाटतो, कारण एररच येत नाही. बफर पुढच्या नोंदीलाही पुरला नाही तर मात्र ईआयएनव्हीएएल (अवैध आर्ग्युमेंट) हा एरर येतो. सर्वांत मोठी नोंद २८० बाइटांची, त्याखाली जाऊ नये.

डी_ऑफ म्हणजे बाइटांचं अंतर समजू नये. एक्स्ट४ फाइलसिस्टिमवर ते सहसा नावाच्या हॅशवरून येतं, त्याच्यावर गणित करायचं नाही. डी_टाइपवरही डोळे झाकून विसंबू नये: काही फाइलसिस्टिम डीटी_अननोन (प्रकार माहीत नाही) देतात, तेव्हा त्या नोंदीपुरता फाइलची माहिती देणारा एफस्टॅटअ‍ॅट करावा, सिमलिंकच्या मागे न जाण्याचा फ्लॅग लावून.

पडताळायचं असेल तर एसट्रेसखाली (प्रोग्रामचे कर्नल कॉल दाखवणारं साधन) एलएस चालवावं. प्रत्येक गेटडेंट्स६४समोर नोंदी किती आणि बाइट किती, दोन्ही दिसतात.