ओल्ड फेथफुलसमोरची दहा मिनिटे

गेल्या ऑगस्टमध्ये ४१ जणांचा गट घेऊन मी अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेले होते. तेथे ओल्ड फेथफुल या जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासमोर सांगलीच्या एका काकूंना मी दिलेले साधे उत्तर अजून माझ्या मनातून जात नाही.

टूर मॅनेजर दिवसभर डोकी मोजतो, स्वच्छतागृहे शोधतो आणि बसचालकाचे घड्याळ सांभाळतो. निसर्ग उरलेल्या वेळात. अमेरिकेत प्रवासी बसच्या चालकाला १० तासांहून अधिक गाडी चालवता येत नाही आणि कामाचे १५ तास भरले की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. ही नोंद गाडीतले यंत्रच ठेवत असल्यामुळे 'दादा, अर्धा तास सांभाळून घ्या' हे आपल्याकडचे हुकमी वाक्य तेथे निरुपयोगी ठरते. आमचा चालक सकाळी ६ वाजता जॅक्सनमध्ये कामावर रुजू झाला होता, मुक्काम आयडाहो फॉल्सला होता आणि त्याचा दिवस रात्री ९ वाजता संपत होता. हा कार्यक्रम ज्याने आखला, त्याने रस्त्यात उभा राहिलेला बायसन, म्हणजे तिकडचा गव्यासारखा रानटी प्राणी, कधी पाहिला नसावा.

आम्ही तो उद्यानातल्या हेडन व्हॅलीत पाहिला. ऑगस्ट हा त्यांचा माजाचा काळ असतो. नर घशातून मेघगर्जनेसारखा आवाज काढत माद्यांमागे फिरतात आणि मोटारींना दगडाइतकीही किंमत देत नाहीत. एक भला थोरला नर रस्त्यामधल्या पिवळ्या रेघेवरून चालत आमच्या खिडकीखाली येऊन थांबला. त्याच्या खांद्यावर जुन्या लोकरीची लक्तरे लोंबत होती आणि डोळ्याभोवती माश्या बसल्या होत्या. बायसनपासून २३ मीटर दूर राहण्याचा नियम सकाळीच सांगितला असूनही एका गृहस्थांनी 'दोन मिनिटे दार उघडा, फोटो काढतो' अशी मागणी केली. ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावू शकणाऱ्या जनावराशी गाठ आहे, हे त्यांना पटवण्यात माझा घसा बसला. त्या कळपाने आमचा सव्वा तास घेतला.

ओल्ड फेथफुलला पोहोचायला ४ वाजून २० मिनिटे झाली. यलोस्टोनची पाहणी करायला आलेल्या वॉशबर्न मोहिमेतल्या लोकांनी १८७० मध्ये त्याला 'विश्वासू' हे नाव दिले खरे, पण तो घड्याळाला बांधलेला नाही. फलकावर पुढच्या उद्रेकाची वेळ ४:४५ होती आणि त्यापुढे अधिक-उणे १० मिनिटे असे लिहिलेले होते. हे अधिक-उणे मी बसमध्ये माइकवरून सर्वांना समजावूनही सांगितले होते. तरीही काकूंनी बाकावरून उठत 'अगं, जाऊन येऊ का? वेळ आहे ना?' असे विचारले, तेव्हा मी घड्याळाकडे पाहून 'आहेत अजून दहा मिनिटं, या जाऊन,' म्हणाले. उणे दहा मी माझ्यापुरते विसरले होते.

तोंडाशी पाणी दोन-तीनदा उसळून बसले, लोक हसले, आणि ४:३६ ला तो खरोखरच सुटला. तेव्हा माझ्या हातांत सहा जणांचे फोन होते. काकू आल्या तोवर फक्त वाफ उरली होती. ओले हात ओढणीला पुसत त्यांनी 'झालं का?' एवढेच विचारले, आणि आजूबाजूच्या चौघांनी लगेच त्यांच्यापुढे आपापले व्हिडिओ धरले.

मी हिशेब केला. दोन उद्रेकांत साधारण दीड तास जातो, म्हणजे पुढचा ६ नंतर. आयडाहो फॉल्सचा तीन तासांचा रस्ता धरता आम्हाला ५:५० ला निघणे भाग होते. काकूंना तसे सांगितले. त्या 'राहू दे गं' म्हणाल्या आणि आम्ही ५ वाजता निघालो.

वाटेत मागच्या आसनावर कोणीतरी तो व्हिडिओ पुन्हा लावला. पहिल्या उसळीपासून पाणी खाली बसेपर्यंतचा तो होता आणि त्याची लांबी होती १ मिनिट ५२ सेकंद. माझ्या पोटात खड्डा पडला. या फवाऱ्याची पुढची वेळ आधीच्या उद्रेकाच्या कालावधीवरूनच काढतात: तो बराच वेळ चालला तर भूगर्भातल्या पोकळ्या अधिक रिकाम्या होतात आणि पुन्हा भरून तापायला दीड तास लागतो, अडीच मिनिटांच्या आत संपला तर पुढचा साधारण तासाभराने येतो. अलीकडे बहुतेक उद्रेक लांबलेले असतात, म्हणून मी सवयीने दीड तास धरला. हातात फोनांऐवजी एक घड्याळ असते, किंवा निघण्यापूर्वी फलकाकडे पुन्हा एकदा गेले असते, तर ५:४० च्या आसपासची वेळ मला कळली असती. त्यालाही अधिक-उणे १० होतेच. ५:५० पर्यंत तो आला नसता, तर ४१ माणसे आणि नऊला थांबणारा चालक घेऊन मी काय केले असते, हे आजही मला ठरवता येत नाही.

काकूंना मी हे सांगितले नाही. सहलीच्या शेवटी भरून घेतलेला त्यांचा अभिप्रायाचा कागद माझ्याकडे आहे. त्यांनी सगळ्या रकान्यांत 'उत्तम' लिहिले आहे, यलोस्टोनच्या रकान्यातही.