आठ महिन्यांचा उंट

भैरू चार महिन्यांचा असताना त्याला घेऊन ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठाने निघालो, की दर पाच पावलांवर कोणीतरी थांबून त्याचे कौतुक करीत असे. आठव्या महिन्यात त्याच रस्त्यावर एका आजोबांनी "हा जर्मन शेफर्डच आहे ना?" असे इतक्या काळजीच्या सुरात विचारले, की मला त्याच्या आईवडिलांची ग्वाही द्यावी लागली. आजोबांचे फारसे चुकले नव्हते. पाय ताडासारखे वाढलेले, छाती मात्र फळीसारखी अरुंद, पंजे दुसऱ्याच कोणाकडून उसने आणल्यासारखे मोठे आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, त्यामुळे सपाट रस्त्यावरही तो घाट उतरत असल्यासारखा दिसे. कानांची कथा त्याआधीची. चौथ्या महिन्यात दिमाखात उभे राहिलेले कान दात बदलू लागताच आळीपाळीने पडू लागले. दुधाचे 28 दात जाऊन कायमचे 42 येईपर्यंत हा खेळ चालला. त्यांतला एक दात माझ्या मुलीने कंपासपेटीत जपून ठेवला आहे.

आमच्या घरात सर्वांत जास्त चिंता आईला. "अरे, बरगड्या मोजता येतात त्याच्या. कुत्रा पाळलायस की उपास करायला ठेवलायस?" हा तिचा रोजचा प्रश्न. सोसायटीचे वॉचमनकाका कॅल्शियमची पावडर सुचवत, खालच्या मजल्यावरचे काका रोज चार अंडी आणि अर्धा लिटर दूध सांगत. सगळ्यांच्या सल्ल्यामागे समजूत एकच होती, की हा बेढबपणा म्हणजे कुपोषण आहे आणि खाऊ घालून तो भरून काढता येतो. पहिले काही आठवडे मलाही ते पटत होते, हे मान्य केले पाहिजे.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हाडांची लांबी आधी वाढते आणि अंग मागाहून भरते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथे हाड वाढत राहते आणि वाढ संपली की तो थर कठीण होऊन मिटतो. लहान जातींत हे काम वर्षाच्या आत आटोपते. मोठ्या जातींत त्याला साधारण 12 ते 18 महिने लागतात आणि ग्रेट डेनसारख्या अवाढव्य कुत्र्यांत त्याहूनही अधिक. छाती रुंद होणे आणि स्नायू भरणे तर त्यानंतरही, दोन-अडीच वर्षांपर्यंत चालू राहते. म्हणजे आठव्या महिन्यात जो सांगाडा दिसतो तो बांधकाम सुरू असलेल्या इमारतीचा असतो, आणि त्यावर आत्ताच वजन लादले तर ते नेमके त्या मऊ थरांवर आणि न घडलेल्या सांध्यांवर पडते.

कॅल्शियमची गोष्ट तर आणखी उलटी आहे. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम पुरेसे नाकारता येत नाही. दिले तितके बरेचसे शरीरात शिरते आणि मोठ्या जातीत हाडांची व सांध्यांची घडण बिघडवू शकते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी तयार केलेल्या खाद्यात ते मोजूनच घातलेले असते, त्यामुळे वरून पावडर घालणे म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ घालणे. वॉचमनकाकांना हे सांगताना माझी बरीच तारांबळ झाली, कारण त्यांच्या गावच्या कुत्र्यांनी आयुष्यात पावडर पाहिली नव्हती आणि तीच माझी बाजू होती.

खाण्याबाबत आईचे मन वळवले ते लॅब्रेडोरवरच्या एका अमेरिकी अभ्यासाने. त्यात 48 पिल्लांच्या, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिले आणि हे आयुष्यभर चालू ठेवले. 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षे अधिक जगली होती आणि त्यांच्या खुब्यांचे दुखणेही कमी आणि उशिरा आले होते. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे एकादशी त्यांनाही मानवते तर." तेव्हापासून भैरूचे पोळीचे तुपाळ टोक बंद झाले, निदान माझ्यासमोर तरी.

याच सुमारास एका सकाळी तो पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. घरातल्या गुळगुळीत फरशीवर घसरला असावा, असे मी गृहीत धरले. डॉक्टरबाईंनी सांधा सोडून वरच्या हाडाचा मधला भाग दाबला, तेव्हा तो कळवळला. एक्स-रेमध्ये हाडाच्या पोकळीत पांढुरके डाग दिसले. या दुखण्याला पॅनोस्टायटिस म्हणतात. ते साधारण 5 ते 18 महिन्यांच्या वयात मोठ्या जातींना होते, जर्मन शेफर्ड नरांमध्ये विशेष आढळते, एका पायातून दुसऱ्या पायात फिरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप थांबते. ठरल्याप्रमाणे दहा दिवसांत उजवा पाय सुधारला आणि डावा दुखू लागला. आईच्या मते ते शुद्ध नाटक होते. खुब्याचे आणि कोपराचे घडणीतले दोषही याच वयात लंगडण्यातून दिसू लागतात, म्हणून "वाढीचे दुखणे आहे" असे घरच्या घरी ठरवून टाकणे मला योग्य वाटत नाही. डॉक्टरबाईंनी आणखी एक ताकीद दिली: घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला कदापि द्यायची नाही, कारण ती कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

फरशीवर आता रबरी चटया आहेत. सतरंज्या घालून पाहिल्या होत्या, पण त्या कुत्र्यासकट घसरत. जिन्याऐवजी लिफ्ट, गाडीतून उडी मारण्याऐवजी उचलून उतरवणे आणि डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट, एवढे पथ्य आम्ही पाळतो. येऊरच्या जंगलाच्या फाटकापलीकडे मात्र त्याला नेत नाही. तिथल्या बिबट्यांना त्याच्या वाढीच्या वयाशी कर्तव्य नाही.

त्या काळात त्याचे कानही अक्षरशः बंद झाले होते. "बस" म्हटले की भैरू माझ्याकडे बघून उभा राही आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी मुलाने म्हटले की तत्काळ बसे. हा माझा खास अपमान आहे, अशी माझी समजूत होती. 2020 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी मात्र नेमके हेच नोंदवले होते: पाच महिन्यांच्या वयाशी तुलना करता आठव्या महिन्यात कुत्री सांभाळणाऱ्या माणसाची "बस" ही आज्ञा अधिक धुडकावतात आणि परक्याची ऐकतात. गद्धेपंचविशी आठव्या महिन्यातच येत असेल, तर निदान ती लवकर संपते.

मुलीची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहीत आलो आहोत. तिच्या शेजारी आता भैरूच्या खांद्याच्या रेघा आहेत: चौथ्या महिन्यात 45 सेंटिमीटर, आठव्यात 60, दहाव्यात 63. काल अकरावा महिना भरला. रेघ जिथल्या तिथे राहिली आणि वजनाचा काटा मात्र दीड किलो पुढे सरकून 32 वर थांबला. आईने चौकटीकडे पाहिले, मग त्याच्या छातीवर दोन्ही बाजूंनी हात ठेवून पाहिले आणि काही न बोलता पोळ्या लाटायला गेली. भैरू तिच्यामागून ओट्यापाशी जाऊन, कोणी न सांगता, बसला.