गोचीड गवतात नाही, भिंतीत असते

अंगणातल्या गोचिड्यांवर उपाय म्हणून नेटवर शोधलं की बहुतेक सल्ले अमेरिकेतले निघतात. गवत बारीक कापा, पालापाचोळा उचला, हिरवळ आणि झाडी यांच्यामध्ये लाकडाच्या तुकड्यांचा तीन फूट रुंद पट्टा घाला, हरणांना आत येऊ देऊ नका. इंदूरच्या रामबागेत हरणं येत नाहीत. येतात ती गल्लीतली कुत्री, आणि त्यांच्या अंगावरून आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या अंगावर उतरते ती गोचीड अगदी वेगळ्या जातीची.

तिकडची गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चिकटते. तिला ओल आणि सावली लागते, म्हणून गवत कापण्याचा सल्ला तिथे बरोबरच आहे. आपल्याकडे कुत्र्यांवर सापडते ती बहुधा तपकिरी गोचीड. शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. तिला घरातला कोरडेपणाही मानवतो. पोट भरलं की ती कुत्र्यावरून गळून पडते, भिंत चढायला लागते आणि फट दिसली की आत शिरते. दाराच्या चौकटीमागे, कॅलेंडरच्या आड, स्विचबोर्डाच्या कडेला, पत्र्याच्या शेडच्या वाशांत. आमच्या माळ्याचं दरवर्षी एकच म्हणणं असतं, ‘दीदी, पूरी घास छील देते हैं, सब मर जाएँगी.’ मी नाही म्हणत नाही, अंगण छान दिसतं. पण गोचिड्या असतात मागच्या जुन्या विटांच्या भिंतीत, जिथे चुना सुटून सांध्यांना भेगा पडल्या आहेत.

ती कशी जगते ते कळलं की काय करायचं ते आपोआप कळतं. अंड्यातून निघते ती सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. कुत्र्यावर चढते, रक्त पिते, गळून पडते, फटीत कात टाकते आणि आठ पायांची होते. पुन्हा कुत्रा, पुन्हा फट. तिसऱ्या खेपेला मादी फुगून एरंडाच्या बीएवढी राखाडी होते, फटीत जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणजे आयुष्यात तीनदा कुत्रा लागतो, बाकी सगळा मुक्काम भिंतीत. आपल्याला कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, खरी वस्ती बाहेर. शिवाय पूर्ण वाढलेली गोचीड उपाशीपोटी वर्षभरसुद्धा तग धरते. आमच्या शेजारचे लोक मुलाकडे पुण्याला जाऊन राहिले, घर कित्येक महिने बंद, कुत्रा नाही, मांजर नाही. परत येऊन दार उघडलं तर भिंतीवर गोचिड्या चालत होत्या. काकूंना वाटलं कुणीतरी करणी केली.

तर आधी गवंडी, मग औषध. भेगा सिमेंटने बुजवून घेतल्या, चौकटी आणि भिंत यांच्यामधल्या फटींत पुट्टी भरली, बंड्याची गोणपाटाची गादी टाकून दिली आणि उकळत्या पाण्यात धुता येईल अशी जुनी सतरंजी घातली. या एका कामाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच बाटलीने पडला नव्हता.

फवारणीला डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन, लेबलावर लिहिलंय तेवढंच पाण्यात मिसळून. फवारा जमिनीवर उडवत बसायचं नाही. नोझल फटीत, कोपऱ्यात, कुत्रा झोपतो त्याच्या आजूबाजूला आणि वर छताच्या कडेपर्यंत. अंडी या औषधाने मरतीलच असं नाही आणि ती फुटायला काही आठवडे लागतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा फवारावं लागतं. एकदा फवारून ‘औषध नकली निघालं’ म्हणणारे इथेच फसतात. वाळेपर्यंत कुत्र्याला फवारलेल्या जागेपासून लांब ठेवायचं. मांजर असेल तर जास्तच जपायचं, हा औषधांचा गट मांजरांना झेपत नाही. माशांच्या टाकीवरही झाकण हवं. मधुमालतीवर मधमाश्या असतात, तिच्या जवळ फवारायचं नाही. तुळशीवृंदावनाच्या तर आसपाससुद्धा नाही, कारण तुळशीचं पान आमच्याकडे रोज नैवेद्यावर जातं.

सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटतं. ‘अगं, घासलेटाचा बोळा लाव की सुटते पटकन. नाहीतर गमॅक्सिन भुरभुरव, आमच्या वेळी तेच होतं.’ गमॅक्सिन म्हणजे बीएचसी ही जुनी कीटकनाशक पावडर, त्यावर १९९७ पासून बंदी आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणूनच गोचिड्या वाढल्या!’ घासलेट मात्र खरंच नको. त्याने कुत्र्याची कातडी पोळते आणि चिकटलेली गोचीड डिवचली जाते. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीच्या अगदी लगत तोंडाशी धरायचं आणि सरळ वर ओढायचं. नखाने चिरडायची नाही. पाण्यात टाकली तर ती मरत नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाका, नाहीतर सेलोटेपमध्ये गुंडाळून कचऱ्यात.

आता बंड्या. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले आमचे डॉक्टर म्हणाले, अंगणाचं सगळ्यात चांगलं औषध कुत्र्याच्या पोटात असतं. हल्लीच्या चघळायच्या गोळ्या दिल्या की गोचीड चावते, रक्तातून औषध घेते आणि अंडी घालायच्या आत मरते. कुत्राच सापळा होतो, फटीतल्या एकेक करून बाहेर येतात आणि संपतात. फक्त ज्या कुत्र्याला झटके येतात त्याला ही गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही.

गोळी मी नियमाने देते त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात बंड्याने खाणं सोडलं, हिरड्या पांढरट झाल्या, पोटावर बारीक लाल ठिपके आले. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स फार खाली, निदान एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून होणारा जंतुसंसर्ग. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चार आठवडे चाललं. गोचिडीतूनच होणाऱ्या बॅबेसिया या दुसऱ्या आजाराचं औषध निराळं असतं, तेव्हा रक्त न तपासता अंदाजाने गोळ्या सुरू करू नका. माणसांनाही गोचिडीतून टिक टायफस होतो. ताप आणि अंगावर पुरळ असेल तर गोचीड चावली होती हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं, ते विचारतीलच असं नाही.

राहिली गल्लीतली कुत्री. शेजारच्या काकू रोज सकाळी त्यांना पोळी घालतात, आणि मग ती आमच्या फाटकाला पाठ घासतात. काकूंना मी म्हटलं, ‘पोळी घालताच आहात, तर गोळीही घाला ना, पैसे आपण गल्लीत वाटून घेऊ.’ दोन घरं लगेच तयार झाली, एकाने ‘नगर निगम का काम है’ म्हणून हात झटकले. डॉक्टरांकडून प्रत्येक कुत्र्याच्या वजनाच्या अंदाजाने गोळ्या आणल्या. बाकीची मुकाट खातात. पांढरी कुत्री मात्र पोळी खाते, तूप चाटते आणि गोळी तेवढी बाजूला काढून ठेवते. तिच्यासाठी आता मानेवर टाकायचे थेंब आणलेत. ते टाकायला तिला धरणार कोण, यावर गल्लीत चर्चा चालू आहे.