अखेर ६२७२ दिसला!

जमलं! काल रात्री लॅबमधला पहिला लॅपटॉप वायरवरून ईएपी-टीएलएसने (पासवर्डऐवजी सर्टिफिकेट दाखवून) नेटवर्कमध्ये आत आला, तोही कुणी लॉगिन करण्याआधी. एनपीएस म्हणजे स्विचने रेडियस प्रोटोकॉलवरून विचारलं की कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर; त्याच्या लॉगमध्ये ६२७२ ('प्रवेश दिला') आणि खाली 'होस्ट/'ने सुरू होणारं मशीनचं नाव. ती नोंद मी तीनदा उघडून वाचली.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं स्विचचं मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच वायरिंगवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) हलवलं, म्हणजे स्विच आणि एनपीएसच्या मध्ये राउटर आला, आणि तिथेच सगळं अडलं. नाकारलं असतं तर ६२७३ पडतो, कारण तरी कळतं. इथे ना ६२७२, ना ६२७३. सर्टिफिकेट पुन्हा काढलं, त्याचं टेम्प्लेट तपासलं, शेअर्ड सीक्रेट (स्विच आणि सर्व्हरचा सामाईक पासवर्ड) दोन्हीकडे नव्याने टाकलं. वायर्ड ऑटोकॉन्फिगही पाहिलं (वायरवरची ही तपासणी सांभाळणारी विंडोजची ती सर्व्हिस मुळात मॅन्युअल असते, ग्रुप पॉलिसीतून ऑटोमॅटिक करा). चार संध्याकाळी गेल्या.

मग दोन्ही टोकांना वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं साधन) लावला. लॉग गप्प असेल तर पहिल्याच दिवशी हेच करावं, असं आता माझं ठाम मत आहे. सर्व्हरकडून ॲक्सेस-चॅलेंज (ईएपीचा पुढचा मजकूर घेऊन येणारं उत्तर) दोन तुकड्यांत निघत होता, स्विचकडे एकच पोचत होता! एनपीएस ईएपीचा मजकूर १५०० बाइटपर्यंत भरतो. रेडियसच्या एका ॲट्रिब्यूटमध्ये (पॅकेटमधल्या एका रकान्यात) २५३ बाइटच मावतात, म्हणजे सहा ॲट्रिब्यूट झाले. त्यावर रेडियस, यूडीपी, आयपीचे हेडर चढले की पॅकेट १५०० या इथरनेटच्या मर्यादेपार जातं आणि फ्रॅगमेंट होतं, म्हणजे तुटतं. दुसऱ्या फ्रॅगमेंटमध्ये यूडीपी हेडर नसतंच, म्हणून पोर्ट नंबरही नाही. राउटरवर परतीचा नियम मी १८१२ पोर्टवर लिहिला होता, त्यामुळे बिनपोर्टाचा तुकडा तिथेच गळत होता. जाण्याचा नियम नुसत्या आयपीवर होता, म्हणून त्या बाजूने काही अडलं नाही.

नेटवर्क पॉलिसीत फ्रेम्ड-एमटीयू (ईएपी मजकुराची कमाल लांबी) १३४४ टाकला, पोर्ट बंद करून चालू केला आणि लॅपटॉप आत! परतीचा नियमही आता आयपीवरच करतो, पण १३४४ राहू देणार.

यानंतर वायफाय घेणार होतो. पण हे लिहिताना सीआरएल (रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी) आठवली. मूळ सेटिंगमध्ये बेस, म्हणजे पूर्ण सीआरएलची मुदत आठवड्याची, डेल्टाची (मधल्या बदलांच्या यादीची) एका दिवसाची, आणि माझं सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या सर्व्हरचं) व्हीएम बहुतेक वेळ बंद! मुदत संपली की रिव्होकेशन (सर्टिफिकेट रद्द झालंय का ते) तपासता येणार नाही आणि एनपीएस सगळ्याच मशीनना बाहेर ठेवेल. तेव्हा आधी डेल्टा बंद, बेसची मुदत महिनाभर, आणि सीआरएल कायम चालू असलेल्या वेब सर्व्हरवर. आज रात्री तेच. वायफाय पुढच्या खेपेला.