तुम्ही विचारलंत म्हणून : बॅलेच का, आणि खून कुठे आहे?

माझी कादंबरी वाचलेलं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला असतो. आपल्याकडे एवढं नृत्य असताना बॅलेच का घेतलंत? आणि त्याला जोडूनच, रहस्यकादंबरी म्हणता, तर त्यात खून कुठे आहे? फोंड्यातल्या वाचकांनी विचारलं, पणजीत विचारलं. आमच्या मावशीनं तर लग्नाच्या मांडवात हात धरून विचारलं, ‘‘अगो, पण मेलं कोण?’’ आजवर प्रत्येकाला उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं. आज बसून सांगते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. नायिका फोंडा तालुक्यातल्या मराठी घरातली. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि ती लहान असतानाच कुटुंब लिस्बनला गेलं. गोव्यातल्या वाचकाला यात काही समजावून सांगायला नको. तिथल्या एका बॅले कंपनीत, जी मी कल्पनेनं उभी केली आहे, ती ‘स्वान लेक’च्या मुख्य भूमिकेच्या अगदी जवळ पोचते. भूमिका एक, दावेदार तिघी. आणि तालमी रंगात येत असताना तिला वाटू लागतं की आपल्याला कुणीतरी पाडायला बघतंय.

ही ईर्षा आपल्या कलांत नाही असं मी म्हणणार नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या, दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांच्यातल्या चढाओढीच्या गोष्टी आमच्याकडे अजून निघतात. पण त्यांच्यातल्या कुणालाही दुसरीसारखं व्हायचं नव्हतं. एकीचा तो भरदार आवाज, दुसरीची लयीवरची हुकमत. डोळे मिटून ऐकणारा सांगेल कोण गातंय ते. कथक किंवा भरतनाट्यम घ्या. ती मुळात एकटीनं उभं राहून करायची नृत्यं. वय वाढलं की पायातलं काही जातं, पण अभिनयात भर पडते, आणि साठीतल्या नर्तकीचं एक पद बघायला लोक मुद्दाम जातात.

बॅलेत हे सगळं उलटं आहे. ‘स्वान लेक’च्या दुसऱ्या अंकात दोन डझनांच्या आसपास मुली हंस होऊन रांगेत उभ्या असतात. मानेचा कोन एक, बोटांची ठेवण एक, पाय उचलायची उंची एक. या समूहाला कॉर द बॅले म्हणतात, आणि त्यात जी नजरेत भरली ती चुकली. हे शिक्षण आठ-नऊ वर्षांच्या वयापासून चालू असतं. मग त्याच रांगेतून एके दिवशी एकीला बाहेर काढतात आणि सांगतात, आता अशी नाच की बाकी कुणी दिसताच कामा नये. वेगळी दिसू नकोस असं अर्धं आयुष्य जिच्या अंगात मुरवलं, तिला एका आठवड्यात वेगळं व्हायचं असतं. आणि वेळ थोडा असतो. पॅरिस ऑपेराच्या बॅलेत ४२ व्या वर्षी निवृत्ती ठरलेली आहे, मग तुम्ही कितीही मोठ्या असा. मला नायिकेच्या मनात पडलेली चीर दाखवायची होती, आणि ती या शिक्षणातच मला आयती सापडली. कथकमध्ये ती मला ओढून-ताणून आणावी लागली असती.

‘परकं’ हा शब्दही लोक वापरतात. त्यावर एवढंच म्हणेन की उदय शंकर १९२३ साली लंडनमध्ये अ‍ॅना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तकीसोबत राधा-कृष्ण नाचले, आणि भरतनाट्यमला रंगमंचावर मानानं उभं करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी बॅले शिकल्या होत्या. येणंजाणं जुनं आहे.

आता बॅलेच्या बुटांविषयी, कारण माझ्या कादंबरीतली भीती तिथून सुरू होते. पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट, बाहेरून सॅटिनचे, गुलाबी, नाजूक दिसतात. आत बोटांभोवती कापडाचे आणि कागदाचे थर खळीनं चिकटवून कडक केलेले असतात, तळाला ताठ पट्टी असते. नवा जोड मुली वाकवतात, भिंतीवर आपटतात, रिबिनी स्वतःच्या हातानं शिवतात, रंगमंचावर जाण्याआधी राळेच्या पेटीत पाय घासून घेतात. मुख्य भूमिकेत एक जोड कधी कधी एक प्रयोगही पुरत नाही. आणि आत बोटं सोललेली असतात. ते कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांचीच सोललेली असतात.

नर्तकीला दोन दुखणी ओळखायला शिकावं लागतं. एक नेहमीचं, ज्यावर नाचायचं. दुसरं धोक्याचं, ज्यावर थांबायचं. ओळखायचं तिनं एकटीनं. पण तिच्या आजूबाजूला असलेल्या प्रत्येकाचा, शिक्षिकेचा, दिग्दर्शकाचा, तिकिटं विकणाऱ्याचा, फायदा यात असतो की तिनं दुसऱ्याला पहिलं म्हणावं. ती म्हणते. वर्षानुवर्षं म्हणते. स्वतःच्या घोट्यातून येणारी खरी बातमी खोटी मानायची सवय लागली, की उद्या डोळ्यांनी दिलेली बातमी ती कशाच्या बळावर खरी मानणार? मला हा प्रश्न सुऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. मावशीला मांडवात हेच सांगायचं होतं, पण वाजंत्री सुरू झाली.

एमा लिव्हरीची गोष्ट मी लिहिताना सतत जवळ ठेवली होती. पॅरिस ऑपेराची ही तरुण नर्तकी. त्या काळी रंगमंचावर गॅसचे दिवे असत आणि नर्तकींचे झिरझिरीत झगे पेट घेत. कापड रसायनात बुडवून आगीपासून सुरक्षित करता येत असे, तसा सरकारी हुकूमही निघाला होता. पण असं कापड कडक होई, मळकट दिसे. लिव्हरीनं ते घालायला नकार दिला. नोव्हेंबर १८६२ मध्ये तालमीत तिचा झगा दिव्याला लागून पेटला. कित्येक महिने यातना सोसून १८६३ च्या जुलैत ती गेली. वीस वर्षांची होती. ‘हट्टीपणा भोवला’ असं म्हणून लोक पुढे जातात. मला ते पटत नाही. झगा हवेसारखा दिसला पाहिजे हे तिला लहानपणापासून कुणी शिकवलं? तरंगणारी बाई ही बॅलेची मूर्ती १८३२ मध्ये मारी ताल्योनी या नर्तकीपासून प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली होती. तीस वर्षांनी एक मुलगी त्या मूर्तीसारखी दिसण्यासाठी जळाली, आणि नकार तिच्या नावावर जमा झाला. कागदोपत्री तिचीच निवड. माझ्या नायिकेच्या बाबतीत कंपनी जे जे करते तेही सगळं असंच तिच्या सहीनं होतं.

त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात ऑपेराच्या श्रीमंत वर्गणीदारांना नर्तकींच्या दालनात थेट प्रवेश असे. देगाच्या चित्रांत विंगेजवळ उंच काळ्या टोप्या घातलेले पुरुष दिसतात ना, ते हेच. नाचणाऱ्या मुली बहुतेक गरीब घरच्या. कुणाची मर्जी बसली तर भाडं भागे, भूमिकाही मिळे. हे वाचताना मी गोव्याबाहेर नव्हतेच. इथल्या देवस्थानांशी जोडलेल्या कलावंत घरांतल्या बायकांनी गाणं आणि नाच पिढ्यान् पिढ्या सांभाळला, आणि त्या कलेची किंमत त्यांच्याकडून कशी वसूल केली गेली हे आमच्या गावांना पक्कं ठाऊक आहे, फक्त बोललं जात नाही. कलेचं कौतुक भर सभेत आणि बाईचा हिशेब मागच्या दारी. म्हणून माझ्या कादंबरीत नायिकेची आजी आहे. काही समीक्षकांना ती अनावश्यक वाटली. तिच्याशिवाय मी हे पुस्तक लिहिलंच नसतं. फोनवर नात म्हणते, इथे सगळे फार चांगले आहेत, आणि आजी विचारते, ‘‘पैसे कोण देता?’’ तेवढा एकच प्रश्न तिला महत्त्वाचा वाटतो, आणि तो अगदी नेमका असतो.

भूमिका न मिळालेल्या माणसाचा चेहरा मात्र मी गावातच बघितला. उत्सवाच्या नाटकाच्या तालमी देवळाच्या अग्रशाळेत चालायच्या. ज्याला हवा होता तो पार्ट दुसऱ्याला गेला, तो माणूस रोज येई, सगळ्यांच्या आधी येई, दुसऱ्याची वाक्यं पाठ असत, आणि प्रॉम्प्टरच्या शेजारी बसून ओठ हलवत राही. त्यात वाईट काही नव्हतं. पण ओठ हलवणारी ती आकृती माझ्या डोक्यातून गेली नाही, आणि लिस्बनच्या तालीमघरात माझ्या नायिकेच्या मागे आरशात जी मुलगी उभी असते ती तिथून आली.

आता खुनाबद्दल. १७ जानेवारी २०१३ ला मॉस्कोत बोल्शोई बॅलेचे कलादिग्दर्शक सर्गेई फिलिन यांच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकलं गेलं. त्याच कंपनीतल्या एका नर्तकाला त्यासाठी तुरुंगवास झाला. तेव्हा हिंसा या जगात नाही असं नाही, आणि एक वाचक मला म्हणालेही की तुम्ही हेच का नाही वापरलं. मुद्दाम नाही वापरलं. अ‍ॅसिडचे डाग दिसतात, पोलीस पंचनामा करतात, आपल्यावर काहीतरी गुदरलंय हे त्या माणसाला सिद्ध करावं लागत नाही. मला पंचनामा होत नाही असा गुन्हा हवा होता.

मग नायिकेला वेड लागलंय का? हेही विचारतात. रशियन बॅले नर्तक निजिन्स्की १९१९ मध्ये शेवटचं लोकांसमोर नाचला आणि त्याच सुमारास आजारी पडला. त्याच्या त्या दिवसांतल्या डायरीचं एकेक पान वाचताना छाती दडपते. तो खरा आजार होता, खरा माणूस होता. कथेला रंगत यावी म्हणून कुणाचा आजार वापरणं मला मान्य नाही. माझी नायिका आजारी नाही. ती थकलेली आहे, उपाशी आहे, आणि तिला ऐकणारं कुणी नाही.

‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकात काळ्या हंसिणीला एका पायावर सलग ३२ फुएते (एक प्रकारच्या गिरक्या) घ्यायचे असतात. १८९५ च्या प्रयोगात पिएरीना लेन्यानीनं ते घेतले, तेव्हापासून ते गळ्यात पडलेत. एवढ्या गिरक्यांत भोवळ येऊ नये म्हणून नजर समोरच्या एका बिंदूवर खिळवतात. अंग फिरतं, डोकं सगळ्यात शेवटी सुटतं आणि सगळ्यात आधी परत येतं. अंधाऱ्या प्रेक्षागृहात तो बिंदू सापडावा म्हणून कित्येकदा मागे मधोमध एक छोटा दिवा लावतात. आरसा तर आता नसतोच. माझ्या नायिकेचा तो दिवा बाल्कनीच्या कठड्यावर आहे, आणि शेवटच्या रंगीत तालमीत तिला तो हातभर डावीकडे दिसतो. ती तिरकी सरकत जाते आणि पडते. सगळे सांगतात, दिवा होता तिथेच आहे. प्रेमानं सांगतात, पाणी देतात, खांद्यावर शाल घालतात. आणि ती मान्य करते.

वाचकांपैकी बरेचजण इथे कंपनीच्या बाजूचे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण पुढच्याच प्रकरणात चित्रीकरणासाठी आलेला कॅमेरावाला जिन्यात कुणाशी तरी बोलताना सांगतो की मधली जागा कॅमेऱ्याला हवी होती म्हणून दिवा बाजूला घेतला, आणि हे तालीम घेणाऱ्या बाईंना सकाळीच कळवलं होतं. दोनच ओळी आहेत. बाईंच्या मनात भूमिकेसाठी दुसरी मुलगी होती, हे आधी येऊन गेलेलं आहे. त्यांच्याकडून सांगायचं राहिलं, की त्यांनी सांगितलं नाही, ते मी लिहिलेलं नाही, आणि त्याबद्दल वाद घालायला मी कधीही तयार आहे. दिव्याबद्दल मात्र वाद नाही. तो हलवला होता. तिला दिसलं ते बरोबर होतं.